आप्तांचा मनस्ताप आणि रुग्णालयाचे कायदेशीर उत्तरदायित्व



वार्षिक अहवालात रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया, जमा आणि खर्च यांची नोंद तपशिलाने केली जाते. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर रात्र जागून काढणाऱ्या आई-वडिलांच्या मनावर काय ओढवते, याला मात्र अहवालात रकाना नसतो. न्यायालयांनी गेल्या सव्वाशे वर्षांत या न नोंदलेल्या हानीची हळूहळू दखल घेतली. एखाद्याच्या हयगयीमुळे दुसऱ्याला मनस्ताप झाला, तर त्याची भरपाई मागता येते काय, आणि रुग्णालयाच्या बाबतीत ती कोणाला मागता येते, याविषयी आप्तांच्या मनात अनेक शंका असतात. विश्वस्तांनाही आपल्या जबाबदारीची मर्यादा ठाऊक असणे अगत्याचे आहे. यास्तव या विषयाची साध्या शब्दांत माहिती देण्याचे आम्ही योजिले आहे.

दुःख वेगळे, मनस्ताप वेगळा

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. आजारपण आणि मृत्यू यांसोबत दुःख येतेच. योग्य निदान झाले, योग्य उपचार झाले, वेळेत झाले आणि तरीही रुग्ण वाचला नाही, तर आप्तांचे दुःख कितीही खोल असले तरी कायदा त्यासाठी कोणास जबाबदार धरीत नाही. वैद्यकशास्त्र यशाची हमी देत नाही आणि कायदाही ती मागत नाही.

परंतु तेच दुःख कोणाच्या तरी निष्काळजीपणातून उद्भवले असेल, तर प्रश्न बदलतो. अशा दाव्यात सामान्यतः चार गोष्टी पाहिल्या जातात. पहिली, समोरच्या व्यक्तीवर काळजी घेण्याचे कर्तव्य होते काय. दुसरी, त्या कर्तव्यात कसूर झाली काय. तिसरी, झालेली हानी त्या कसुरीमुळेच झाली काय. आणि चौथी, ती हानी कायद्याने मान्य केलेल्या स्वरूपाची आहे काय. मोडलेले हाड क्ष-किरण चित्रात दिसते, बुडालेला पगार हिशेबात मांडता येतो. मनाची जखम कशी मोजावी, या चौथ्या मुद्द्यावरच न्यायालये दीर्घकाळ अडली.

परदेशी न्यायालयांची वाटचाल

१८८८ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांताचा एक खटला आला. रेल्वे फाटकाच्या रखवालदाराने फाटक उघडून एका दांपत्याच्या घोडागाडीला जाऊ दिले आणि त्याच वेळी आगगाडी आली. टक्कर जेमतेम टळली. पण पत्नीच्या मनाला जबर धक्का बसून तिची प्रकृती ढासळली. शरीराला प्रत्यक्ष इजा नसताना केवळ भीतीच्या धक्क्याची भरपाई देण्यास प्रिव्ही कौन्सिलने नकार दिला. हा दृष्टिकोन पुढे टिकला नाही. १९०१ साली इंग्लंडमधील न्यायालयाने स्वतःच्या जिवाच्या भीतीने झालेली हानी मान्य केली आणि १९२५ साली मुलांच्या जिवाच्या भीतीने आईला बसलेला धक्काही मान्य केला.

१९८२ सालचा हाऊस ऑफ लॉर्ड्सचा निर्णय रुग्णालयांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. एका मातेच्या पतीला आणि मुलांना मोटार अपघात झाला तेव्हा ती स्वतः घरी होती. बातमी कळल्यावर ती रुग्णालयात पोहोचली. तेथे धाकटी मुलगी दगावल्याचे तिला कळले आणि तेल-मातीने माखलेली, वेदनेने विव्हळणारी उरलेली माणसे तिने पाहिली. तिने अपघात पाहिला नव्हता. पण त्याचा तात्काळ परिणाम डोळ्यांनी पाहिला, म्हणून न्यायालयाने तिचा दावा मान्य केला.

यानंतर मर्यादाही आल्या. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर फुटबॉल सामन्याच्या वेळी झालेल्या चेंगराचेंगरीत जखमी झालेल्यांपैकी अखेरीस ९७ जणांचा बळी गेला. त्यांच्या आप्तांचे दावे १९९१ साली फेटाळताना हाऊस ऑफ लॉर्ड्सने अटी कडक केल्या. दावा करणाऱ्याचे मृत अथवा जखमी व्यक्तीशी निकट प्रेमाचे नाते हवे. तो घटनास्थळी किंवा लगेच नंतर तेथे उपस्थित हवा. आणि घटना त्याने स्वतः पाहिलेली वा ऐकलेली हवी. शिवाय केवळ शोक पुरेसा नाही, वैद्यकशास्त्राने मान्य केलेला मानसिक आजार जडलेला असावा, असाही तेथील नियम आहे.

अगदी अलीकडे, ११ जानेवारी २०२४ रोजी, ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने हाच प्रश्न थेट रुग्णालयांच्या संदर्भात सोडविला. एका गृहस्थाच्या हृदयविकाराचे निदान करण्यात रुग्णालयाने हयगय केल्याचा आरोप होता. सुमारे १४ महिन्यांनंतर ते रस्त्यात आपल्या दोन लहान मुलींच्या देखत कोसळून मरण पावले. मुलींच्या मनावर झालेल्या आघाताबद्दल रुग्णालयाला जबाबदार धरता येईल काय, असा प्रश्न होता. सात न्यायाधीशांपैकी सहांनी नकारार्थी उत्तर दिले. अपघात पाहणे वेगळे आणि आजाराने ओढवलेला मृत्यू पाहणे वेगळे. रुग्णाच्या आप्तांना असे दृश्य पाहावे लागू नये, हे वैद्यकाचे कायदेशीर कर्तव्य ठरत नाही, असे बहुमताचे म्हणणे पडले. एका न्यायाधीशांनी भिन्नमत नोंदविले.

अमेरिकेत या प्रकारच्या दाव्याला ‘नेग्लिजंट इन्फ्लिक्शन ऑफ इमोशनल डिस्ट्रेस’ असे स्वतंत्र नावच आहे. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली निकालात काढलेला एक खटला प्रत्येक रुग्णालयाने लक्षात ठेवावा असा आहे. नेहमीच्या तपासणीत एका स्त्रीला उपदंश हा गुप्तरोग असल्याचे चुकीने सांगण्यात आले आणि पतीला तसे कळवून त्याचीही तपासणी करून घेण्यास सुचविण्यात आले. पतीला रोग नव्हता, पत्नीलाही नव्हता. परंतु संशयाचे विष पसरून संसार मोडला. पती त्या रुग्णालयाचा रुग्ण नसूनही चुकीच्या निदानाचा आघात त्याच्यावर होणार हे सहज समजण्याजोगे होते, म्हणून त्याला दावा करण्याचा अधिकार आहे, असे न्यायालयाने ठरविले. तेथे शस्त्रक्रिया झाली नव्हती, औषधाने कोणी दगावले नव्हते. एका अहवालाने घर मोडले होते.

भारतात काय घडले

आपल्याकडील वैद्यकीय हयगयीच्या कायद्याचा पाया ज्या खटल्यांनी घातला, त्यांतील एक महाराष्ट्रातलाच आहे. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत येथे समुद्रकिनारी एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्यास आणण्यात आले. पुरेशी भूल न देता, अवाजवी जोर लावून हाड बसविल्यामुळे बसलेल्या धक्क्याने त्याचा मृत्यू झाला, असा निष्कर्ष न्यायालयांनी काढला. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम करताना वैद्यकाची तीन कर्तव्ये सांगितली: रुग्ण स्वीकारावा की नाही हे ठरविताना काळजी, कोणता उपचार द्यावा हे ठरविताना काळजी, आणि तो उपचार देताना काळजी. आजही प्रत्येक प्रकरण या तीन कसोट्यांवर पारखले जाते. त्या प्रकरणी मुलाच्या आई-वडिलांना मिळालेली भरपाई ३,००० रुपये होती.

पुढचे मोठे पाऊल १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने पडले. १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की भरपाई या शब्दाचा अर्थ व्यापक असून तीत शारीरिक, मानसिक आणि भावनिक यातनांचाही समावेश होऊ शकतो. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी इंडियन मेडिकल असोसिएशनच्या प्रकरणात वैद्यकीय सेवा या कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय झाला.

या दोन धाग्यांची गाठ २५ मार्च १९९८ च्या निर्णयात पडली. दिल्लीतील स्प्रिंग मेडोज रुग्णालयात विषमज्वरासाठी दाखल झालेल्या एका बालकाला परिचारिकेने चुकीचे इंजेक्शन शिरेतून दिले. बालकाचे हृदय थांबले. प्राण वाचले, परंतु मेंदूची कायमची हानी होऊन ते जाणिवेपलीकडे गेले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने बालकाला १२ लाख ५० हजार रुपये आणि त्याच्या आई-वडिलांना, त्यांच्या मानसिक यातनांबद्दल, स्वतंत्रपणे ५ लाख रुपये मंजूर केले. आई-वडील रुग्ण नव्हते, मग त्यांना वेगळी भरपाई कशी, असा आक्षेप रुग्णालयाने घेतला. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. सेवा घेणारे आई-वडील ग्राहक आहेत आणि जिच्यासाठी सेवा घेतली ती व्यक्तीही ग्राहक आहे. दोघांचे हक्क स्वतंत्र आहेत. अशा अवस्थेतील अपत्याला जन्मभर सांभाळणे ही यातना कायद्याने नजरेआड करावी अशी नाही.

ब्रिटनमधील निर्णयाशी याची तुलना केली की भेद स्पष्ट होतो. तेथे आप्त हा दूरचा साक्षीदार समजला जातो आणि त्याला एकामागून एक अटी ओलांडाव्या लागतात. आपल्याकडे रुग्णाचा हात धरून आलेला, अर्जावर सही करणारा आणि पैसे भरणारा आप्त स्वतःच व्यवहारातील पक्ष मानला गेला. वैद्यकमान्य मानसिक आजार सिद्ध करण्याची अटही आपल्या ग्राहक आयोगांनी घातलेली नाही. सेवेत न्यूनता होती, हे मात्र सिद्ध व्हावेच लागते. मनस्ताप झाला एवढ्यावरून न्यूनता सिद्ध होत नाही.

याच संदर्भात आणखी तीन निर्णय ध्यानात ठेवावेत. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की रुग्णालयात नेमके काय घडले, याचा खुलासा करण्याची जबाबदारी रुग्णालयावर आहे; कोणत्या डॉक्टरची चूक झाली हे शोधत बसण्याचा भार आप्तांवर टाकता येत नाही. ५ ऑगस्ट २००५ च्या निर्णयाने भरपाईचा दावा आणि फौजदारी गुन्हा यांतील अंतर स्पष्ट केले: गुन्हा ठरण्यासाठी हयगय अत्यंत गंभीर स्वरूपाची असावी लागते. २०१० साली असेही सांगण्यात आले की प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ वैद्यकाचा पुरावा अनिवार्य नाही. काही चुका सामान्य माणसालाही दिसतात.

२०२० सालापासून १९८६ च्या कायद्याची जागा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने घेतली आहे. सेवेच्या व्याख्येत आरोग्यसेवेचा नामोल्लेख नसल्यामुळे वैद्यक आता कायद्याबाहेर आहेत, असा युक्तिवाद करण्यात आला होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो अमान्य केला.

धर्मादाय रुग्णालयाला सवलत आहे काय?

आमचे अनेक हितचिंतक सद्भावनेने विचारतात की जेथे उपचार विनामूल्य दिले जातात तेथे तक्रारीचा अधिकार कसा? १९९५ च्या निर्णयात याचे उत्तर आहे. जे रुग्णालय कोणाकडूनच मोबदला घेत नाही, ते ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाही. नाममात्र नोंदणी शुल्कानेही ही स्थिती बदलत नाही. परंतु जेथे काही रुग्णांकडून शुल्क घेतले जाते आणि काहींना विनामूल्य सेवा मिळते, तेथे दोघेही ग्राहकच ठरतात. पैसे भरणाऱ्याला मिळणारा हक्क गरीब रुग्णाला नाकारला, तर कायद्याचे संरक्षण नेमके ज्याला अधिक हवे त्यालाच ते मिळणार नाही, हे न्यायालयाने ओळखले.

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना याचा थेट संबंध आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ४१अअ आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना यांनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. अर्थात आमच्यासारख्या संस्थेत शुल्क भरणारे आणि न भरणारे रुग्ण एकाच छताखाली असतात. राखीव खाटेवरील रुग्णाच्या आईला माहिती देताना आवाज चढला, तर तिला आम्ही उपकाराचा दाखला देऊ शकत नाही. दानाने खाट मिळते. काळजी हा मात्र तिचा हक्क आहे.

मनस्ताप कोठे उद्भवतो

स्प्रिंग मेडोजसारखी घटना क्वचित घडते. आप्तांच्या मनाला लागणाऱ्या जखमा बहुधा साध्या कामातील हयगयीतून होतात. एकाच आडनावाच्या दोन रुग्णांच्या तपासणी अहवालांची अदलाबदल होते. मृत्यूची वार्ता भर वऱ्हांड्यात, इतरांच्या देखत सांगितली जाते. प्रकृती खालावत असताना आप्तांना अंधारात ठेवले जाते. संमतिपत्रावर सही घेतली जाते, पण कशासाठी ते सांगितले जात नाही. संमतीविषयी १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की ती समजून-उमजून दिलेली असावी. रुग्ण स्वतः संमती देण्यास समर्थ असेल आणि तातडी नसेल, तर एका प्रक्रियेसाठी घेतलेली संमती दुसऱ्या, अधिक मोठ्या शस्त्रक्रियेसाठी चालत नाही.

देयकाची बाकी राहिल्यामुळे पार्थिव अडवून ठेवणे हा तर आप्तांवरील सर्वांत कठोर आघात होय. २०२१ साली राज्य शासनाने शुश्रूषागृह नोंदणी नियमांत सुधारणा करून अशा अडवणुकीला मनाई केली आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले.

या साऱ्यांवरचा उपाय फारसा खर्चिक नाही. रुग्णाच्या मनगटावरील ओळखपट्टी प्रत्येक औषधापूर्वी वाचणे, अहवाल देताना नावासोबत नोंदणी क्रमांक पडताळणे, अतिदक्षता विभागातील रुग्णाची स्थिती ठरलेल्या वेळी एकाच जबाबदार डॉक्टरने आप्तांना सांगणे, वाईट वार्ता बंद खोलीत, बसवून आणि मराठीत अथवा आप्तांच्या भाषेत सांगणे, आणि काय सांगितले याची नोंद ठेवणे: एवढी शिस्त असेल तर पुष्कळसा मनस्ताप टळतो. त्यासाठी माणसे लागतात, वेळ लागतो आणि बसण्यासाठी एक शांत खोली लागते. नव्या यंत्रासाठी देणगी मिळणे तुलनेने सोपे असते. समुपदेशकाच्या वेतनासाठी किंवा त्या खोलीसाठी देणगी मागताना आम्हांला अधिक समजावून सांगावे लागते. हा लेख लिहिण्यामागील एक हेतू तोही आहे.

आप्तांसाठी काही सूचना

काही विपरीत घडल्याची शंका आल्यास प्रथम उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून व रुग्णालयाच्या प्रशासनाकडून लेखी खुलासा मागावा. रुग्णाच्या वैद्यकीय नोंदींच्या प्रती मागणे हा रुग्णाचा, अथवा त्याच्या वतीने अधिकृत आप्ताचा, हक्क आहे. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार मागणीनंतर ७२ तासांच्या आत त्या द्यावयाच्या असतात. औषधांच्या चिठ्ठ्या, देयके, अहवाल आणि संमतिपत्रांच्या प्रती जपून ठेवाव्यात. कोणी, केव्हा, काय सांगितले याची तारीख-वेळेसह टिपणे करून ठेवावीत. स्मृती दुःखाच्या काळात धूसर होते.

समाधान न झाल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. तक्रार घटनेपासून सामान्यतः दोन वर्षांच्या आत करावी लागते. उशिराचे सबळ कारण असल्यास तो माफ होऊ शकतो. भरलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते आणि तो ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीसाठी शुल्क नाही. वकील देणे सक्तीचे नाही. नव्या कायद्यात मध्यस्थीचीही सोय आहे. फौजदारी तक्रारीचा मार्ग मात्र विचारपूर्वक अवलंबावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये वैद्यकीय हयगयीने मृत्यू घडल्यास शिक्षेची तरतूद असली, तरी त्यासाठीची कसोटी अधिक कडक आहे.

विश्वस्तांसाठी

परिचारिकेच्या, तंत्रज्ञाच्या वा निवासी डॉक्टरच्या हयगयीची भरपाई अखेर संस्थेला द्यावी लागते. पात्र मनुष्यबळाची नेमणूक आणि त्यांच्या कामावर ज्येष्ठांची देखरेख या प्रशासकीय बाबी वाटतात, परंतु स्प्रिंग मेडोज प्रकरणात दोष नेमका तेथेच दिसला: कामाची पात्रता नसलेल्या हाती इंजेक्शन सोपविले गेले आणि त्या वेळी ज्येष्ठांची नजर तेथे नव्हती. व्यावसायिक विमा भरपाईची रक्कम भरून काढील. त्या बालकाच्या आईचे पुढील आयुष्य कोणताही विमा भरून देत नाही.

न्यायालयाने मनस्तापाला रुपयांत मोजले याचा अर्थ तो रुपयांनी भरून निघतो असा नव्हे. मोजण्याचा हेतू इतकाच की तो घडलाच नाही असे कोणास म्हणता येऊ नये. आपण दिलेल्या देणगीचा काही भाग ओळखपट्ट्यांवर, नोंदवह्यांवर, समुपदेशकांवर आणि बाकावर बसलेल्या माणसाशी दोन शब्द बोलायला लागणाऱ्या वेळेवर खर्च होतो. हा खर्च रुग्णसेवेचाच आहे असे आम्ही मानतो आणि येत्या वर्षीही आपले सहकार्य असेच लाभावे, ही नम्र विनंती करतो.